अठराव्या वर्षी जागा मिळेल का? अमेरिकी कॉलेज बेसबॉलचा बदलता हिशेब

अमेरिकेत हायस्कूलमध्ये बेसबॉल खेळणाऱ्या मुलांची संख्या पावणेपाच लाखांच्या आसपास आहे. नववी-दहावीच्या सुमारास यांच्या असंख्य घरांत एकच प्रश्न निघतो: याला कॉलेजात खेळायला मिळेल का? दहा वर्षांपूर्वी अनुभवी प्रशिक्षक याचं उत्तर बऱ्यापैकी खात्रीने देत. मुलगा चेंडू किती वेगाने टाकतो, किती जलद धावतो, शाळेत गुण किती मिळवतो, एवढं पाहिलं की तो कुठल्या पातळीवर बसेल याचा अंदाज यायचा. आज तेच प्रशिक्षक उत्तर देताना थबकतात, कारण मुलाच्या खेळाइतकंच महत्त्व आता कॉलेजांमधल्या जागांच्या हिशेबाला आलं आहे. कोविडने लांबलेल्या कारकिर्दी, व्यावसायिक बेसबॉलने आखडता घेतलेला हात, संघ बदलण्याचं खेळाडूंना मिळालेलं स्वातंत्र्य आणि न्यायालयातली एक मोठी तडजोड, हे सगळं पाच-सहा वर्षांत एकापाठोपाठ एक घडलं. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलंही लिटल लीगच्या मैदानांवर उतरतात, त्यांच्या आईवडिलांनाही याच प्रश्नाला सामोरं जावं लागतं. म्हणून हा आढावा.

टक्केवारी आणि तिच्या आतलं चित्र

भारतात क्रिकेटपटू घडतो तो क्लब आणि राज्य संघटनांच्या वाटेने. विद्यापीठाचा संघ त्या वाटेवर आता जेमतेम लागतो. अमेरिकेत कॉलेजचा संघ हा खेळाडूच्या प्रवासातला मुख्य टप्पा आहे, आणि बहुतेकांसाठी शेवटचाही. कॉलेज खेळांच्या सर्वांत मोठ्या संस्थेचं, एनसीएएचं, काम तीन स्तरांत चालतं: डिव्हिजन वन, टू आणि थ्री. तिन्ही मिळून बेसबॉलचे नऊशेच्या वर संघ आहेत, त्यांपैकी डिव्हिजन वनमध्ये सुमारे ३००. त्याशिवाय छोट्या कॉलेजांची एनएआयए ही वेगळी संघटना आहे आणि दोन वर्षांच्या कॉलेजांचं, म्हणजे ज्यांना सगळे ‘जूको’ म्हणतात त्यांचं, स्वतंत्र जग आहे.

एनसीएएने काही वर्षांपूर्वी काढलेला हिशेब पालकांच्या बैठकीत नेहमी ऐकवला जातो. हायस्कूलचे ४,८२,७४० खेळाडू, एनसीएएचे ३६,०११, म्हणजे साधारण ७.५ टक्के. डिव्हिजन वनपर्यंत पोचणारे २.२ टक्के, टूमध्ये २.३, थ्रीमध्ये २.९. हा आकडा ऐकून काही घरं हबकतात आणि काही घरं त्याकडे साफ दुर्लक्ष करतात. दोन्ही प्रतिक्रियांना थोडा आवर घालायला हवा. एका वर्षीच्या सगळ्या कॉलेज खेळाडूंच्या संख्येला त्याच वर्षीच्या सगळ्या शालेय खेळाडूंच्या संख्येने भागून हे प्रमाण काढलेलं आहे. त्यात एनएआयए आणि जूको धरलेले नाहीत, म्हणून ते वास्तवापेक्षा कडक दिसतं. उलट, कॉलेजच्या त्या ३६ हजारांमध्ये पाचव्या वर्षाला खेळणारे आणि इतर कॉलेजांतून आलेलेही मोजलेले आहेत, म्हणून शाळेतून थेट येणाऱ्या मुलासाठी ते वास्तवापेक्षा सैल आहे. शिवाय ही फक्त यादीत नाव असलेल्यांची मोजदाद आहे. पस्तीसेक जणांच्या संघात एका सामन्यात फलंदाजी नऊच जण करतात आणि पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, चार-पाच वापरले जातात. यादीत असूनही वर्षभर बाकावर बसणाऱ्यांचा वेगळा आकडा कुणी देत नाही.

११.७ शिष्यवृत्त्यांची गोष्ट

पैशाचा इतिहास समजल्याशिवाय आजचा वाद कळत नाही. डिव्हिजन वनच्या एका अमेरिकी फुटबॉल संघाला वरच्या गटात ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. बेसबॉलला आधी १३ होत्या; १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला एनसीएएने शिष्यवृत्त्यांत दहा टक्के कपात केली आणि त्या ११.७ झाल्या. तीस-पस्तीस वर्षं हा विचित्र अपूर्णांक कॉलेज बेसबॉलच्या मानेवर बसून होता. पुढे नियम आला की त्या जास्तीत जास्त २७ जणांत वाटायच्या आणि प्रत्येकाला किमान २५ टक्के द्यायची. संघाची मर्यादा ३५, म्हणजे आठ जण शिष्यवृत्तीशिवायच. डिव्हिजन टूमध्ये शिष्यवृत्त्या नऊ, डिव्हिजन थ्री आणि आयव्ही लीगच्या विद्यापीठांत खेळासाठी एकही नाही.

याचा परिणाम असा झाला की बेसबॉलमधली ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ ही जवळजवळ दंतकथाच राहिली. बातमी यायची ‘अमुक विद्यापीठात निवड’ म्हणून आणि घर भरत असायचं फीमधला अर्ध्याहून मोठा वाटा. त्याआधीची ट्रॅव्हल बॉलची वर्षं, म्हणजे शाळेबाहेरच्या खासगी संघाकडून राज्योराज्यी खेळत फिरणं, हीही हजारो डॉलरची. हायस्कूलचा संघ फुकट, पण निवड करणाऱ्यांची नजर उन्हाळ्यातल्या खासगी स्पर्धांवर. त्यामुळे बेसबॉल हळूहळू ऐपत असलेल्या घरांचा खेळ होत गेला, ही टीका जुनी आहे आणि मला ती रास्त वाटते. डिव्हिजन वनच्या संघांत कृष्णवर्णीय मुलं इतकी थोडी का दिसतात, याच्या चर्चेत शिष्यवृत्तीचा हा तुटवडा दरवेळी निघतो.

२०२०नंतरची दाटी

मार्च २०२०मध्ये हंगाम अर्ध्यावर थांबला आणि एनसीएएने वसंत ऋतूत खेळणाऱ्या सगळ्यांना खेळण्याचं एक वर्ष वाढवून दिलं. निर्णय न्याय्य होता, पण निघून जाणारे खेळाडू थांबले आणि येणारे तर येतच होते. संघांची मर्यादा काही काळ ४०पर्यंत सैल करावी लागली. त्याच वर्षी मेजर लीगने, म्हणजे सर्वोच्च व्यावसायिक लीगने, आपला ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड) ४० फेऱ्यांवरून पाचवर आणला, २०२१पासून तो २० फेऱ्यांचा केला. पूर्वी १,२००च्या आसपास मुलं निवडली जात, आता सहाशेच्या थोडं वर. त्याच सुमारास मेजर लीगशी जोडलेले खालच्या स्तरावरचे मायनर लीग संघ १६०वरून १२०वर आले. व्यावसायिक बेसबॉलने आपल्या खालच्या पायऱ्या कमी केल्या आणि खेळाडू घडवण्याचं बरंचसं काम कॉलेजांच्या अंगावर टाकलं.

म्हणून वरच्या कॉलेजांत खेळाची पातळी झपाट्याने चढली. पूर्वी पंधराव्या-विसाव्या फेरीत पैसे घेऊन निघून गेला असता असा अठरा वर्षांचा मुलगा आता कॉलेजात येतो आणि राहतो. चार वर्षांच्या कॉलेजात शिरलेल्या मुलाची पुन्हा निवड तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा तो २१ वर्षांचा होईपर्यंत करता येत नाही. कॉलेजातली तीन वर्षं काय देऊ शकतात याचं उदाहरण म्हणून कुमार रॉकरचं नाव घेता येईल. आईकडून भारतीय वंशाचा हा पिचर जॉर्जियातला. २०१८मध्ये कोलोराडो रॉकीजने त्याची ३८व्या फेरीत निवड केली होती, पण तो व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. २०१९च्या जूनमध्ये ड्यूक विद्यापीठाविरुद्ध बाद फेरीत त्याने १९ जणांना स्ट्राइकआउट करत नो-हिटर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणारा सामना, टाकला, त्याच वर्षी संघ ओमाहातल्या अंतिम स्पर्धेत राष्ट्रीय विजेता झाला. पुढची वाट मात्र सरळ नव्हती: २०२१मध्ये मेट्स संघाने पहिल्या फेरीत निवडून वैद्यकीय शंकेमुळे करार केला नाही, २०२२मध्ये टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला.

पोर्टल: कुणाला दार, कुणाला भिंत

आजच्या वादाचा गाभा इथे आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये ट्रान्सफर पोर्टल सुरू झालं. संघ बदलू इच्छिणाऱ्याने त्यात नाव नोंदवायचं. आधी बेसबॉलपटूला संघ बदलल्यावर एक वर्ष बाहेर बसावं लागे. २०२१मध्ये एकदा बदलायची मुभा मिळाली, २०२४मध्ये अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा. १ जुलै २०२१पासून खेळाडूला स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसेही मिळवता येऊ लागले.

खेळाडूंच्या बाजूचं म्हणणं स्वच्छ आहे. प्रशिक्षक करार मोडून दुसऱ्या विद्यापीठात दुसऱ्या दिवशी रुजू होतो, मग विद्यार्थ्यानेच वर्ष का गमवायचं? चुकीच्या ठिकाणी अडकलेल्या मुलाला दुसरी संधी हवी. या बाजूचं सर्वांत ठळक उदाहरण पॉल स्कीन्स. कॅलिफोर्नियातल्या हायस्कूलमधून तो एअर फोर्स अकादमीत गेला, तिथे कॅचर आणि पिचर दोन्ही भूमिका करत घडला, २०२२मध्ये लुइझियाना स्टेट विद्यापीठात आला, पुढच्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आणि ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. जुन्या नियमांत ही वाट त्याला कितपत मोकळी असती, हा प्रश्न पोर्टलचे समर्थक विचारतात आणि तो वजनदार आहे.

हायस्कूलचे प्रशिक्षक आणि पालक दुसरी बाजू मांडतात. कॉलेजच्या प्रशिक्षकाची नोकरी यंदाच्या निकालावर अवलंबून असते. त्याच्यासमोर एकीकडे अठरा वर्षांचा होतकरू मुलगा असतो आणि दुसरीकडे छोट्या कॉलेजात दोन हंगाम गाजवून आलेला, शरीराने भरलेला एकवीस वर्षांचा फलंदाज. तो दुसऱ्याला घेतो. यात कुणाचा दुष्टावा नाही, पण परिणाम अठरा वर्षांच्या मुलालाच भोगावा लागतो. दहावी-अकरावीत तोंडी होकार मिळवून निर्धास्त झालेल्या मुलाला बारावीच्या उन्हाळ्यात ‘आता जागा नाही’ असा फोन यावा, हे ऐकायला मिळू लागलं आहे. तोंडी होकार आधीही बंधनकारक नव्हताच. ज्या राष्ट्रीय पत्रावर सही केली की दोन्ही बाजू बांधल्या जायच्या, तेही ऑक्टोबर २०२४मध्ये बंद झालं. आता भरवसा ठेवायचा तो लेखी आर्थिक मदतीच्या करारावर.

छोट्या विद्यापीठांची तक्रार तिसरी: आम्ही दोन वर्षं मेहनत घेऊन मुलगा घडवायचा आणि तिसऱ्या वर्षी तो मोठ्या नावाकडे निघून जायचा. तरी याच ठिकाणी शाळेतून येणाऱ्या मुलासाठी संधी आहे, कारण रिकाम्या झालेल्या जागा या विद्यापीठांना दरवर्षी भराव्या लागतात. माझ्या वाचनात पोर्टलने जागा नष्ट केल्या नाहीत, त्या खालच्या बाजूला ढकलल्या. वरच्या चाळीस-पन्नास विद्यापीठांचं दार नवख्यांसाठी अरुंद झालं, त्याखालची दारं हलती झाली. हे चित्र सगळ्यांना मान्य नाही. खालचे संघही आता पोर्टलमध्येच आधी पाहतात, असं सांगणारे प्रशिक्षक आहेत.

३४ जणांचा संघ

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ‘हाउस विरुद्ध एनसीएए’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. १ जुलैपासून विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले, पहिल्या वर्षी प्रत्येकी सुमारे २.०५ कोटी डॉलरपर्यंत. शिष्यवृत्त्यांच्या संख्येची मर्यादा गेली आणि संघाच्या संख्येची मर्यादा आली. बेसबॉलसाठी ती ३४. म्हणजे ठरवलं तर विद्यापीठ सगळ्या ३४ जणांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊ शकतं. तडजोडीत सामील न झालेल्या संस्थांना जुना ११.७चाच नियम.

याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. एका बाजूला हा ऐतिहासिक न्याय वाटतो: अर्धी फी भरायची ऐपत नसलेल्या घरातला मुलगा आता पूर्ण शिष्यवृत्तीवर येऊ शकेल. दुसऱ्या बाजूला आठवण करून दिली जाते की ‘देऊ शकतं’ आणि ‘देईल’ यांत अंतर आहे. थेट पैशातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो. नव्या शिष्यवृत्त्यांचा २५ लाख डॉलरपर्यंतचा खर्च त्याच २.०५ कोटींच्या मर्यादेत धरला जातो. शिवाय टायटल नाइन या स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यामुळे पुरुषांच्या शिष्यवृत्त्या वाढवल्या की स्त्रियांच्या बाजूचा तोल पाहावा लागतो. त्यामुळे बेसबॉलला महसूल मिळवून देणारा खेळ मानणाऱ्या दक्षिणेतल्या मोजक्या विद्यापीठांत आकडा खरंच वाढेल आणि इतरत्र फारसं हलणार नाही, असा अंदाज बरेच जण करतात.

३४च्या मर्यादेचा फटका सर्वांत आधी बसतो तो वॉक-ऑनला, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात राहून दोन-तीन वर्षं घाम गाळत जागा मिळवणाऱ्याला. सावकाश उमलणाऱ्या मुलांची ही जुनी वाट होती. कोविडच्या काळात ४० जण असलेल्या संघाला आता सहा जणांना जागा नाही आणि जवळपास निम्म्या जागा पिचरांना लागतात. तडजोडीने आधीपासून संघात असलेल्या किंवा जागा कबूल झालेल्या काहींना मर्यादेबाहेर धरण्याची सोय केली, पण ती फक्त त्या वेळच्या मुलांपुरती आहे.

दिसण्याची स्पर्धा आणि कोपराची किंमत

जागा कमी आणि निवड करणाऱ्यांना वेळ कमी, तेव्हा आकड्यांचं महत्त्व वाढतं. १९९०च्या दशकात आयोवात सुरू झालेल्या परफेक्ट गेम या कंपनीने शोकेसची पद्धत देशभर रुजवली: मुलं जमवायची, ६० यार्ड धावायला लावायचं, रडार गनने वेग मोजायचा, क्रमवारी लावायची. आता ट्रॅकमन, रॅप्सोडोसारखी यंत्रं चेंडूच्या फिरकीपासून बॅटवरून सुटलेल्या वेगापर्यंत सगळं नोंदवतात. समर्थकांचा मुद्दा असा की दूरच्या गावातल्या, ओळखीपाळखी नसलेल्या मुलाला हा आकडाच वाचा देतो. ते खरं आहे. विरोधक म्हणतात की बेसबॉल खेळता येणं आणि रडार गनसमोर चमकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेही खरं आहे.

मला या सगळ्यात सर्वाधिक काळजी वाटते ती हाताची. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपराचा तुटलेला अस्थिबंध दुसऱ्या स्नायुबंधाने जोडला. व्यावसायिकासाठी शोधलेली ती शस्त्रक्रिया आज अमेरिकेत सर्वांत जास्त होते ती १५ ते १९ वयोगटात. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलने २०१४मध्ये पिच स्मार्ट नावाचे दंडक आणले: १७-१८ वर्षांच्या मुलाने दिवसाला १०५पेक्षा जास्त चेंडू टाकू नयेत, वर्षात किमान चार महिने पिचिंगच्या स्पर्धेपासून दूर राहावं. २०१७पासून हायस्कूल सामन्यांत चेंडू मोजणं सक्तीचं झालं. पण शाळेचा संघ वेगळा, ट्रॅव्हलचा वेगळा, खासगी प्रशिक्षक तिसरा आणि हिवाळ्यात शोकेस चौथं. चारही ठिकाणची बेरीज एका वहीत कुणी करत नाही. डिसेंबर २०२४मध्ये मेजर लीगने प्रसिद्ध केलेल्या अहवालात कमाल वेगाच्या मागे लागणं हे दुखापतींचं एक प्रमुख कारण सांगितलं आणि त्याची मुळं शालेय वयातल्या शोकेसपर्यंत नेली. तिथेच पेच आहे. वेग वाढवला नाही तर ऑफर नाही, वेग वाढवला तर कोपर धोक्यात. निवड करणारी कॉलेजं जोवर वेगालाच पैसे देतात, तोवर पालकांना ‘सबुरीने घ्या’ सांगून फार उपयोग होईल असं मला वाटत नाही.

कोवळ्या वयातल्या घाईला एका ठिकाणी मात्र लगाम बसला. आठवीतली मुलं तोंडी होकार देऊन मोकळी होत. २०२३पासून डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांना अकरावी सुरू होण्याआधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी निवडीबद्दल बोलता येत नाही. हा बदल बहुतेक सगळ्यांना रुचला. फक्त उन्हाळ्यातल्या स्पर्धांची गर्दी त्यामुळे कमी झालेली नाही.

इतर वाटा

दोन वर्षांच्या कॉलेजांकडे पालक कमीपणाने पाहतात, तो दृष्टिकोन बदलायला हवा. जूकोतून दर वर्षी ड्राफ्टमध्ये जाता येतं, फी कमी असते, सामने भरपूर मिळतात आणि वरच्या गटातल्या जूको संघाला २४ शिष्यवृत्त्या असतात. आल्बर्ट पुहोल्स कॅन्सस सिटीच्या मेपल वुड्स कम्युनिटी कॉलेजातून १९९९च्या १३व्या फेरीत निवडला गेला. ब्राइस हार्पर हायस्कूल लवकर सोडून कॉलेज ऑफ सदर्न नेवाडात गेला आणि २०१०मध्ये पहिल्या क्रमांकावर उचलला गेला. हे दोघं अपवाद आहेत हे खरं, पण अठराव्या वर्षी शरीर पूर्ण न भरलेल्या मुलासाठी जूकोची दोन वर्षं ही पोर्टलच्या काळातली सर्वांत समजूतदार निवड असू शकते. डिसेंबर २०२४मध्ये फुटबॉलपटू डिएगो पाविया याच्या दाव्यात न्यायालयाने जूकोची वर्षं एनसीएएच्या मुदतीत धरण्याला तात्पुरती मनाई केली, तेव्हापासून तर या वाटेचं मोल आणखी वाढलं. अर्थात त्याचा दुसरा अर्थ असा की बाविसाव्या-तेविसाव्या वर्षीही काही जण जागा धरून बसतील.

डिव्हिजन थ्री हे वेगळंच जग आहे. खेळासाठी पैसे नाहीत, पण शैक्षणिक शिष्यवृत्ती चांगली मिळते आणि चार वर्षं खरोखर मैदानावर उतरता येतं. भारतीय घरांना ही वाट मानवण्याजोगी आहे, कारण तिथे गुणपत्रिकेला बॅटइतकंच वजन असतं. डिव्हिजन वनमध्येही १६ मूलभूत विषय आणि किमान २.३ सरासरी ही पात्रतेची अट आहेच, आणि एखाद्या चुरशीच्या निवडीत उत्तम गुण प्रशिक्षकाचे पैसे वाचवतात.

जे अजून ठरलेलं नाही

टायटल नाइन थेट पैशांना कसा लागू होतो यावर सरकारची भूमिका २०२५च्या सुरुवातीलाच एकदा उलटी फिरली. पुढचे दावे चालू राहतील. खेळाडूला पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा पुढे येतो आहे. तो पूर्णपणे लागू झाला तर प्रत्येक संघात एक वर्गभर मुलं आणखी वर्षभर थांबतील आणि ३४ची मर्यादा तशीच राहिली तर शाळेतून येणाऱ्यांच्या जागा पुन्हा आकसतील. कोविडच्या वर्षाचा धडा समोर असताना याचा विचार प्रस्ताव मांडणारे फारसा करताना दिसत नाहीत, हे मला खटकतं. दुसरीकडे, कोविडचं जादा वर्ष मिळालेले बहुतेक खेळाडू आता बाहेर पडले आहेत. त्यामुळे दाटी आपोआप ओसरेल असं काही प्रशिक्षक मानतात. पूर्ण शिष्यवृत्त्या खरंच किती संघ देतात आणि त्या शाळेतून आलेल्यांना मिळतात की पोर्टलमधून आलेल्यांना, हेही अजून पाहायचं आहे. हाउस तडजोडीची मुदत दहा वर्षांची आहे. तिच्या नियमांखाली शाळेतून थेट आलेला पहिला वर्ग २०२५च्या शरदात दाखल झाला, त्याची चार वर्षं २०२९ला पुरी होतील. त्यातले किती जण त्याच कॉलेजात, त्याच संघात टिकले, याची मोजदाद तेव्हा करता येईल.